स्टिअरिक ॲसिड आणि इमादची रजा

११ जानेवारी २००९

पानावर 'शुक्रवार' छापलंय, आहे रविवार. इमाद दर वर्षी शारजाहून कंपनीची डायरी आणतात, सोनेरी अक्षरांची. या वेळी आणली ती गेल्या वर्षीची, कोरी राहिलेली. म्हणाले, "यंदा छापली नाय. खर्च वाचवतायत." असू दे. तारखा त्याच असतात, वार तेवढे मी खोडीन.

परवा ते अचानक आले. फोन नाही, काही नाही. दारात दोन मोठ्या बॅगा, दोरीने बांधलेलं ब्लँकेट, विजेची किटली, राइस कुकर आणि ती हत्यारांची लोखंडी पेटी. लेक यूम्ना किंचाळत गळ्यात पडली. अम्मी, म्हणजे माझी सासू, रडायलाच बसल्या. मी विचारलं, "रजेवर येताना किटली कशाला आणली?" तर म्हणाले, "रूमवर ठेवली तर चोरीला जाते." लोक काय काय चोरतात!

पण ते पेटी पलंगाखाली सरकवायला गेले आणि माझे मेणबत्त्यांचे साचे खडखडत बाहेर आले. दोन महिने फोनवर त्यांना पत्ता लागू दिला नव्हता. "हे काय?" "टाइमपास," मी म्हटलं. जीभ चावली. टाइमपास कसला? बचत गटात शिकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. पनवेलमध्ये रोज दोनदा वीज जाते, सगळे शिव्या घालतात, आणि मी मनातल्या मनात म्हणते, जा बाई, खुशाल जा.

सांगितलं नाही, कारण यंदा रमजानच्या आधी फॅमिली व्हिसा काढून मला आणि यूम्नाला शारजाला नेणार असं त्यांनी कबूल केलंय. लग्न झाल्यापासून मी याच एका गोष्टीसाठी रडत आलेय. फोनवर रडले, विमानतळावर रडले. आणि आता नेणार म्हणतात तर मन घेत नाही. शारजाला वीज जात नाही. तिथे माझी मेणबत्ती कोण घेणार?

१४ जानेवारी

माझ्या मेणबत्त्या विकायला ठेवतात त्या फारूकचाचांनी दुकानात बोलावून घेतलं. त्यांच्या काचेच्या कपाटावर दुपारचं ऊन येतं. माझी मेणबत्ती उचलून म्हणाले, "शाजियाबेटी, ही बघ, नमाजातल्यासारखी वाकून रुकूत गेलीय. अजून दोन दिवस ठेवली तर कपाळ टेकून सजद्यात जाईल." दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, पण कान तापले होते.

तशीच विक्रम रिक्षात बसून सुकापूरला गेले, वसुंधरा मॅडमकडे. दहावीला त्यांनीच आम्हाला विज्ञान शिकवलं. आता रिटायर होऊन घरीच क्लास घेतात. मेणबत्ती बघून त्यांनी नेहमीसारखी भुवई वर केली.

"नुसतं पॅराफिन वापरतेस? त्यात स्टिअरिक ॲसिड घाल."

"ॲसिड?"

"नाव ॲसिड. आहे तेला-तुपाच्या घरातलं. तूप थिजतं आणि तेल थिजत नाही, का गं?"

इतक्या वर्षांनीसुद्धा मॅडमनी प्रश्न विचारला की मान आपोआप खाली जाते. मग त्यांनी खराट्यातून काड्या काढल्या. सरळ काड्यांची जुडी बांधली तर घट्ट बसली. काही काड्या मधेच मोडून वाकवल्या तर जुडी ढिली पडली. तेला-तुपाचे रेणू असेच काड्यांसारखे. तेलात वाकड्या काड्या जास्त असतात, म्हणून ते पातळ राहतं. स्टिअरिकच्या सगळ्या काड्या सरळ, त्याला संपृक्त म्हणतात. ते दाटीवाटीने बसतं, उन्हाला दाद देत नाही. "पॅराफिनमध्ये थोडं मिसळलंस तर तुझी मेणबत्ती ताठ उभी राहील," मॅडम म्हणाल्या.

दारापर्यंत येऊन म्हणाल्या, "जमलं तर मला दाखव. माझी दहावीची मुलं संध्याकाळी अंधारात बसतात. बाजारातल्या मेणबत्त्यांचं पाणी वह्यांवर गळतं."

येताना मी विक्रममध्ये एकटीच 'संपृक्त, संपृक्त' पुटपुटत होते. शेजारची बाई सरकून बसली.

१७ जानेवारी

इमादना मुंबईत कुठल्याशा दोस्ताचं काम होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. दोस्तासाठी एवढं सजून जाणारा माणूस मी पाहिला नाही. म्हटलं, जाताच आहात तर मसजिद बंदरहून माझं स्टिअरिक आणा. आणलं! आल्यावर दमलेले दिसत होते, जेवले नाहीत. दोस्ताचं काम झालं नाही म्हणे.

मी पिशवी उघडली. पांढऱ्याशुभ्र पापड्या, साबण किसल्यासारख्या. बोटांत चोळल्या तर गुळगुळीत. वास अगदी पुसट, थिजलेल्या तुपाचा. अम्मींनी पिशवीवरचं नाव यूम्नाकडून वाचून घेतलं मात्र, "ॲसिड! अगो, घरात पोर हाय, ॲसिड आनलास?" मी हातावर चोळून दाखवलं, गालाला लावून दाखवलं. काही उपयोग नाही. पिशवी गॅलरीत गेली आणि तिच्याशेजारी पाण्याची बादली आली.

१९ जानेवारी

जमलं!!

पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून पॅराफिन वितळवलं, त्यात स्टिअरिक टाकलं. ते पॅराफिनपेक्षा उशिरा वितळतं. पापड्या जरा वेळ हट्टाने तरंगल्या आणि मग विरघळून गेल्या. ओतलं, निवू दिलं. एरवी साचा उघडताना मेणबत्ती भिंतीला चिकटून बसते, सुरीने काढावी लागते. आज साचा नुसता वाजवला आणि टक्! स्वतःहून हातात. थिजताना हे आकसतं, म्हणून कडा सोडतं. आणि रंग! आधीच्या मेणबत्त्या साबुदाण्याच्या खिरीसारख्या अर्धपारदर्शक असायच्या, ही दुधासारखी पांढरी. नखाने ओरखडा उठेना.

इमाद दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "अजून एक काढ बघू." मी काढली. टक्. "अजून एक." आम्ही दोघं लहान पोरांसारखे साचे वाजवत बसलो. आल्यापासून ते पहिल्यांदा मोठ्याने हसले.

मग एकदम म्हणाले, "तुला हे आवडतं." मी घाबरून म्हटलं, "छे, तुम्ही नेईपर्यंतचा वेळ जातो." त्यांनी हातातला साचा खाली ठेवला. मला स्वतःचाच राग आला.

२२ जानेवारी

मला वेड लागलंय. घरातली प्रत्येक डबी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचतेय. इमादच्या दाढीच्या क्रीममध्ये स्टिअरिक ॲसिड. माझ्या कोल्ड क्रीममध्ये स्टिअरिक ॲसिड. अम्मींच्या प्रेशरच्या गोळ्यांत मॅग्नेशियम स्टिअरेट, म्हणजे त्याचंच भावंड. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "गोळ्या यंत्राला चिकटू नयेत म्हणून घालतात. साबणात असतं, रबरातसुद्धा घालतात. तू आता माझी हुशार मुलगी झालीस, दहावीत का नाही झालीस?" अम्मींना सांगितलं, "रोज सकाळी तुम्ही तेच गिळता." त्या दिवसभर गोळीकडे संशयाने बघत होत्या. पण बादली काढली.

इमाद हल्ली रोज दाढी करतात. रजेवर असताना पूर्वी आठवडा आठवडा करायचे नाहीत. दोस्ताचं काम अजून अडकलंय वाटतं, आज परत मुंबईला गेले.

२५ जानेवारी

हाव नडली. थोड्याने मेणबत्ती एवढी ताठ होते तर दुप्पट घातल्यावर काय होईल, म्हणून घातलं. बर्फाच्या फुलांसारखी नक्षी उठली वर, दिसायला सुंदर! हातातून निसटली आणि तिचे तीन तुकडे झाले. फार ताठ राहिलं की माणूसही असाच मोडतो, असं अम्मी म्हणाल्या. त्या कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही, बघत इमादकडे होत्या.

दुसरी भानगड. मॅडमनी फोनवर चाचरत विचारलं, "शाजिया, हे प्राण्यांच्या चरबीपासून पण काढतात. तुझं कशाचं आहे? वाईट वाटून घेऊ नकोस, घरात देव आहेत." मला हसूच फुटलं. मी कालपासून तीच काळजी करत होते, फक्त प्राणी दुसरा. मॅडमना गाय नको, आम्हाला डुक्कर नको. दीडशे वर्षांपूर्वी याच्यावरून बंड झालं होतं आणि पनवेलमध्ये दुसरं व्हायची वेळ आली. इमादनी मसजिद बंदरला फोन लावून खडसावून विचारलं. पामतेलाचं निघालं. दोन्ही पार्ट्या खूश.

२ फेब्रुवारी

इमादची रजा वाढली! मी विचारलं तर म्हणाले, "वाढलीय." त्यांचा शेठ आधी ईदलासुद्धा सोडायचा नाही. देव त्याचं भलं करो.

काल ते यूम्नाला घेऊन कर्नाळ्याला गेले, पक्षी दाखवायला. आजवर कधी नेलं नव्हतं. येताना मोबाइलचं इथलं कार्ड घेऊन आले, लाइफटाइमवालं. मी म्हटलं, महिन्या-दोन महिन्यांसाठी लाइफटाइम कशाला? म्हणाले, "स्वस्त पडतं." हिशेबी आहेत, ते एक चांगलंय. शारजाचा रूममेट मात्र सारखा फोन करतो. तेव्हा गच्चीवर जाऊन बोलतात आणि खाली येऊन पाणी पितात. टीव्हीवर दुबईची काही बातमी लागली की चॅनेल बदलतात. तिथल्या गडबडीला कंटाळले असणार बिचारे.

मी आज ठरवलं होतं, सांगून टाकायचं. चहा केला, समोर बसले, म्हटलं, "व्हिसाचं..." त्यांचा चेहरा असा काही झाला की मी म्हटलं, "...घाई नाही." ते म्हणाले, "करतोय मी, शाजिया. करतोय." एवढी माझ्यासाठी धडपड करणाऱ्या माणसाला मी नको म्हणून कसं सांगू?

८ फेब्रुवारी

ऑर्डर! ऑर्डर! ऑर्डर!

मॅडमनी माझी मेणबत्ती वर्गात लावली. वीज गेल्यापासून येईपर्यंत एकच पुरली, वहीवर एक थेंब नाही. आता क्लासच्या सगळ्या मुलांना परीक्षेसाठी एकेक पुडा हवाय. शिवाय त्यांच्या ओळखीच्या नवीन पनवेलमधल्या दोन क्लासवाल्यांनाही. महिनाअखेर पोचवायच्या. "पांढऱ्याच हव्यात हं," म्हणाल्या, "रंगीत मेणबत्तीच्या धुराने पोरांचे डोळे चुरचुरतात."

घरी आले ती जिना चढून नाही, उडून आले. इमादना सांगितलं. ते उठून उभेच राहिले. "एवढ्या? साचे पुरणार नायत." मग त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली आणि कळंबोलीच्या भंगारात जाऊन ॲल्युमिनियमच्या पाइपचे तुकडे घेऊन आले. कापले, घासले, आतून आरशासारखे केले. साच्यांची अख्खी फळी तयार. ती पाण्याच्या टबात कशी उभी करायची, तेही ठरवून टाकलं. मी मधे बोलले तर म्हणाले, "थंड कसं करायचं ते मला नको शिकवू. बारा वर्षं एसीच बसवलेत." शिट्टी वाजवत होते. मला भरून आलं, आणि लगेच वाटलं, हा माणूस पुढच्या महिन्यात जाणार, आणि मागोमाग मीही.

१९ फेब्रुवारी

या अल्ला. सगळं हिरवं झालं.

नेहमीचं पातेलं लहान पडणार म्हणून काल मी माळ्यावरून देग काढली. तांब्याची, अम्मींच्या लग्नातली, अख्ख्या मोहल्ल्याची बिर्याणी होईल एवढी. आतून काळपट होती, घासून घेतली. सगळं पॅराफिन, सगळं स्टिअरिक तिच्यात वितळवलं, आणि उशीर झाला म्हणून सकाळी ओतू असं ठरवून झाकून ठेवलं. सकाळी परत तापवून साच्यांत ओतलं. निवल्यावर साचे वाजवले. टक्, आणि हातात हिरवट मेणबत्ती. टक्, हिरवट. सगळ्या हिरवट! कैरीच्या सालीसारख्या.

मी जमिनीवरच बसले. मला वाटलं, माल भेसळीचा निघाला. मग वाटलं, ही अल्लाची मर्जी, शारजाला जायचं ते सोडून मी कशाला हौस करत बसले. रडले. लपवायचं कशाला, अम्मींच्या पदरात तोंड घालून रडले.

इमादनी मेणबत्ती उजेडात धरली. वास घेतला. म्हणाले, "हा रंग मी रोज बघायचो. जुन्या एसीच्या पाइपावर येतो. हे तांबं हाय."

आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अम्मी त्या देगीत चिंच घालू देत नाहीत, दही घालू देत नाहीत. का? कल्हई उडालीय म्हणून! आंबट तांब्याला लागलं की भांडं उतरतं, हे मला चुलीपाशी कळतं. पण पिशवीवर एवढं मोठं 'ॲसिड' लिहिलेलं असून, ते खरोखरच आंबट निघेल हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. गालाला लावून सगळ्यांना दाखवत होते, बघा किती गरीब! गरीब असलं तरी ॲसिडच ते. तांबं खाल्लंच त्याने.

"कल्हई इमादच्या निकाहनंतर केलीच नाय," अम्मी म्हणाल्या. मग हिरव्या मेणबत्त्या गोळा करून पदराखाली घेतल्या. "फेकायच्या नाय हां. दर्ग्याला चालतील. हिरव्याच बऱ्या."

मी रडता रडता हसले. इमाद टोपी घालून निघाले, "मी माल आणतो, तू मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं बघ." दोस्ताकडे जायचं नाही का विचारलं, तर म्हणाले, "दोस्त गेला खड्ड्यात."

२७ फेब्रुवारी

पोचवल्या. सगळ्या. पांढऱ्या, ताठ, पुड्यात ओळीने नमाजाला उभ्या राहिल्यासारख्या.

सगळं लिहायचंय. आम्ही दोघं मॅडमकडे खोकी घेऊन गेलो तेव्हा क्लास चालू होता. वीज गेली. मुलांनी नेहमीसारखा 'हेऽऽ' असा गलका केला. मॅडमनी माझ्या मेणबत्त्या लावल्या, बाकाबाकावर एकेक. मुलं वाकून गणितं करायला लागली आणि वर्गात नुसता पेन्सिलींचा आवाज. मॅडम मुलांना म्हणाल्या, "ही शाजिया. माझी विद्यार्थिनी. हे तिने केलंय." दहावीच्या निकालाला मला कुणी असं म्हटलं नव्हतं. इमाद दाराशी उभे होते. त्या उजेडात त्यांचे डोळे मला दिसले.

बाहेर पडलो. विक्रमसाठी नाक्यावर उभे होतो, अंधारच होता, तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर आला. म्हटलं, "रागावू नका. मला शारजाला नाही यायचं."

मग मला थांबताच येईना.

"तुम्ही एवढी धावपळ करताय, मला कळतं. मीच रडत होते इतकी वर्षं, तेही कळतं. पण आता नाही यायचं. मला हे करायचंय. तुम्ही जा, पैसे जमवा, मी इथे..."

"शाजिया," ते म्हणाले, "रजा नाय."

"संपली? कधी निघायचंय?"

"रजा नव्हतीच गं. नोकरी गेली. डिसेंबरात. आमचा टॉवर अर्ध्यावर बंद पडला, सगळ्यांना एकदम काढलं. मुंबईत दोस्त-बिस्त कोण नाय. कामासाठी फिरत होतो. तू शारजाची वाट बघतेस, तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

विक्रम आली आणि गेली. मला एकेक आठवायला लागलं. किटली. ब्लँकेट. जुनी डायरी. लाइफटाइम. अरे देवा, मी काय आंधळी होते? मी इथे पानंच्या पानं भरली, वार खोडले, आणि एक गोष्ट दिसली नाही. डब्यांच्या मागची बारीक अक्षरं तेवढी वाचत बसले.

मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, खूप वाटलं. एकटे एकटे त्या गच्चीवर काय काय ऐकून घेत असतील. पण त्याच्या आधी, एक क्षणभर, मला आनंद झाला. जाणार नाहीत, या एकाच गोष्टीचा. मग मी नाक्यावर, लोकांसमोर, त्यांचा हात धरला. असा कधी धरला नव्हता.

२९ फेब्रुवारी

आज खरं म्हणजे एक मार्च. पण या जुन्या डायरीत हे एक पान जास्तीचं आहे, यंदा असा दिवसच नाही. फुकट कशाला घालवू?

अम्मींना कसं सांगायचं याची दोन दिवस तयारी केली. इमादनी घसा खाकरला, "अम्मी, नोकरीचं..." अम्मी तांदूळ निवडत होत्या. मान वरसुद्धा केली नाही. "गेली ना? मला ठावं हाय. किटली घेऊन कोन रजेवर येतंय?" म्हणजे घरात मी एकटीच शहाणी होते.

फारूकचाचांना आता माझाच माल हवाय. मॅडमनी आणखी एका क्लासचं नाव दिलंय. इमादनी कागदावर मोठ्या फळीचं चित्र काढलंय, वरून पाणी फिरवणार म्हणे. मी म्हटलं, ते नंतर. आधी देग घेऊन बाजारात जा आणि कल्हई करून आणा, अम्मींची बिर्याणी अडलीय.

देग खांद्यावर घेतली आणि दारात वळून म्हणाले, "मालकीण, माणूस ठेवलात तर सगळं आधी ठरवा. पगार काय देणार?"

"दोन वेळचं जेवण. बिर्याणी शुक्रवारी."

"आणि रजा?"

मी म्हटलं, "रजा अजिबात मिळणार नाही."